दारातून दिलेली ओ

रुद्राणी माळगे अरबी शिकली ती कुठल्या शाळेत नव्हे, एका म्हाताऱ्या बाईच्या उशाशी बसून. ओमानात, समुद्राकाठच्या एका घरात. त्या बाईला सगळे बीबी म्हणत. रुद्राणीनं बीबीला कूस बदलून द्यायची, भरवायचं, अंग पुसायचं आणि बीबी जे बोलेल ते ऐकायचं. दिवसभर घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतंच. वर्षानुवर्षं एकाच तोंडातून भाषा घेतली तर माणसाचं काय होतं, याचा मी कधी विचार केला नव्हता. मी रसायनशास्त्र शिकवलं, माझा काय संबंध?

रुद्राणी मूळची शिरोळकडची. घरात कानडी, दारात मराठी. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, सासरी राहण्यात अर्थ उरला नाही, मग तिनं नर्सिंगचा छोटा कोर्स केला आणि एजंटामार्फत आखातात गेली. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, ते तिकडेही काढलं नाही. बीबीनं एकदा विचारलं, त्यात काय आहे? ही म्हणाली, माझा देव. बीबी म्हणाली, बरं करतेस, जवळ ठेवलेलं बरं, लांब गेलेलं परत येत नाही. हे मला रुद्राणीनंच सांगितलं, हसत. त्यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

बीबी गेल्यावर ती परतली. कोल्हापुरात उद्यमनगरात खोली घेतली. तेव्हा मी निवृत्त होऊन घरात भांड्यांवर चिडत बसले होते. माझा जुना विद्यार्थी धैर्यशील गुळाचा व्यापारी आहे. त्याच्या वडिलांच्या नावाचा ट्रस्ट आहे, त्यातर्फे त्यानं परदेशी भाषांचे वर्ग काढले आणि देखरेखीला मला बसवलं. वर्ग शाहूपुरीत, त्याच्याच गोदामाच्या माडीवर. खाली गुळाचे रवे रचलेले, वर जर्मन, जपानी आणि अरबी. अरबीला गर्दी फार, कारण नर्सिंग केलेल्या पोरींना आखातात जायचं असतं. रुद्राणीला मीच आणलं. पोरी तिला अक्का म्हणायच्या.

मग धैर्यशीलनं तो प्रश्न काढला.

"बाई, अरबी म्हणजे कुठली अरबी शिकवतोय आपण?"

"म्हणजे काय? अरबी ती अरबी."

तसं नसतं, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. पुस्तकातली, बातम्यांतली अरबी एक. ती सगळ्या अरबी मुलखांत शिकलेल्या माणसाला समजते आणि घरी तिच्यात कुणी बोलत नाही. घरची प्रत्येक देशात निराळी. इजिप्तची सिनेमांमुळे पुष्कळांना कळते, आखातातली आखातात चालते, मोरोक्कोची पलीकडच्यांना झेपत नाही. आणि सर्टिफिकेट मिळतं ते पुस्तकीचं.

माझं मत सरळ होतं. उद्या एखादा जर्मन पोरगा मराठी शिकायला इथं आला आणि आपण त्याला अग्रलेखातली मराठी शिकवून गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला पाठवला, तर लोक त्याला दूध देतील, पण त्याच्याशी बोलणार कोण? रुद्राणीचंही तेच म्हणणं.

"पेशंटच्या पोटात कळ आली तर त्यो काय पेपरातलं बोलतोय व्हय, दादा?"

"अक्का, ते खरं. पण पोरींना नोकरी कागदावर मिळते की."

शेवटी ठरलं असं की मिरजेहून मुजावर सरांना बोलवायचं. ते अरबीचे एम. ए., काही वर्षं ओमानात शाळेत शिकवून आलेले. त्यांनी रुद्राणीचा वर्ग ऐकायचा आणि सांगायचं. ते पुस्तकी म्हणाले तर रुद्राणीची अरबी बंद.

त्याच संध्याकाळी ती माझ्या घरी आली. बस म्हटलं तरी बसेना.

"बाई, पगार नको. झाडलोट करीन. पर माझी अरबी बंद करू नका."

"का गं एवढं?"

"शब्द दिलाय मी. बीबीला. हाक बंद पडू द्यायची न्हाय म्हणून."

"कसली हाक?"

"वर्गात पोरी म्हणत्यात तीच की."

मेलेल्या माणसाला दिलेला शब्द माणूस पुढं कशालाही जोडतो, असं मला वाटलं. मी तिला चहा दिला आणि मुजावर सर काय म्हणतात ते बघू म्हणून वाटेला लावलं.

आता तिचा वर्ग कसा चाले ते सांगते. पुस्तक नाही, फळा नाही. निम्म्या पोरी खोलीत बसवायची, निम्म्या दाराबाहेर उभ्या करायची. आतल्या घरच्या, बाहेरच्या आलेल्या. आतल्यांनी हाक मारायची: ये, आत ये. दारात का उभा? किती भिजलास. कपडे बदल, जेवण गरम आहे. भावाला कुठं ठेवलंस? बाहेरच्यांनी उत्तर द्यायचं. मग अदलाबदल. पोरी तोंडानं शिकत आणि पटापट शिकत. अर्थ मला रुद्राणीनंच सांगितले होते. मला वाटलं, अरबांचं आदरातिथ्य.

आवाजाचं मात्र माझ्या लक्षात आलं होतं. प्रेरणा नावाची एक पोरगी होती, पेठ वडगावची. गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल असा गळा. दात सगळे शाबूत. पण अरबी बोलायला लागली की तिचे ओठ बोळक्या तोंडासारखे आत वळत आणि आवाज जुन्या दारासारखा होई. वाक्याच्या मध्येच दम घेई, न लागलेला. बाकीच्याही तशाच, त्याच शब्दापाशी थांबत. मी एकदा विचारलं, इथं का थांबायचं? प्रेरणा म्हणाली, "अक्का थांबतात की." अक्का का थांबते? कारण बीबी थांबायची. आणि बीबी थांबायची ती छातीतल्या कफामुळं. इतक्या तरण्या पोरी एका मेलेल्या बाईचा कफ पाठ करत होत्या.

दुसरं, वेळ. रुद्राणीला वर्ग दिवेलागणीलाच हवा असे. जर्मनवाल्यांनी सकाळची वेळ देऊ केली, हिनं घेतली नाही.

आणि तिसरं, उंबरा. उन्हाळ्याचे दिवस, पावसाचं नाव नाही, आणि दारातली फरशी ओली. रोज नव्हे, पण अरबीचा वर्ग झाला की बहुधा. माडीवर नळच नाही. खाली गूळ, वरून थेंब पडला तर धैर्यशील ऊर बडवून घेईल, म्हणून त्यानं पाइपच येऊ दिलेला नाही. मी पोरींच्या बाटल्यांवर ओरडले. प्लंबर आणला, तो डोकं खाजवून गेला. ओल वाळली की तिथं पांढरं राहायचं. लोणा धरला म्हणायचं, तर लोणा तळमजल्याच्या भिंतीला धरतो, माडीच्या फरशीला नाही. जन्मभर पोरांना सांगत आले, प्रयोगशाळेत काही चाखू नका. त्या दिवशी मी बोट लावून चाखलं. मीठ होतं. आणि मिठामागं ती कडवट चव, समुद्राचं पाणी नाकातोंडात गेल्यावर येते ती. गुळाच्या गोदामावर. मी पदराला बोट पुसलं आणि कुणाला काही बोलले नाही.

मुजावर सर आले. सडपातळ, पांढरी दाढी, बोलण्यात गोडी. रुद्राणीला म्हणाले, "घाबरू नका, अक्का. मी परीक्षा घ्यायला नाही आलो, ऐकायला आलोय. बायको म्हणते, तुम्हाला ऐकता येत नाही. सराव करतो."

पोरी हसल्या. रुद्राणी नाही.

सरांची खुर्ची मी दाराजवळ ठेवली होती. वर्ग सुरू झाला. पहिल्या हाकेला त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, ओळखीचं माणूस भेटावं तसं. दुसऱ्या हाकेला ते मावळलं. त्यांनी चष्मा काढला. पोरी एका सुरात म्हणत होत्या, किती भिजलास, भावाला कुठं ठेवलंस, आणि बाहेरून उत्तर येत होतं. सर उठले, खुर्ची उचलली आणि दारापासून लांब, माझ्या शेजारी आणून ठेवली. मग हळूच म्हणाले, "मॅडम, आज एवढं पुरे. पोरींना सोडा."

पोरी निघाल्या. एकेक जण दारात थांबून, वहाण चढवता चढवता, रुद्राणीकडं बघून अरबीत एकच शब्द म्हणून जिना उतरत होती. मी तो रोज ऐकायची. त्या दिवशी प्रत्येक वेळी शेजारी सरांचा हात खुर्चीवर आवळताना पाहिला.

शेवटची गेल्यावर सर म्हणाले, "अक्का, तुमचे शब्द बरोबर आहेत. एकही चूक नाही. मी ज्या किनाऱ्यावर होतो, तिथल्या म्हाताऱ्या असंच बोलायच्या. पण हे पाहुण्याला म्हणायचं बोलणं नाही. ही बीबी हे कुणाला म्हणायची?"

"तिच्या मालकाला. आन् पोरांला. थोरला आन् धाकटा."

"ते कुठं होते?"

"होडी घिऊन गेलते. ती तरणी हुती तवाची गोष्ट. आलंच न्हाईत."

मी म्हटलं, "हे तू मला कधी सांगितलं नाहीस, रुद्राणी."

"तुमी कुठं इचारलं, बाई? आन् वाक्य ते वाक्य की. आत ये म्हंजी आत ये. जेव म्हंजी जेव. पोरींना कामाला येतंय."

"रोज मारायची ही हाक?" सरांनी विचारलं.

"रोज, दिवेलागणीला. दार उघडं ठिवायला लावायची."

"बरं. आणि पोरी जाताना आत्ता जे म्हणाल्या, ते कुणी शिकवलं? तिकडं जाताना असं कुणी म्हणत नाही. अल्लाच्या हवाली, सुखरूप जा, असं काहीतरी म्हणतात."

"बीबीच्या घरात जातानाचं काय बोलायचं न्हाय, अशी रीत हुती तिची. मालकाला तिनं नीट निरोप दिलता आन् त्यो गेलाच, म्हणून. तिच्या कानावर जा, जाते, काय पडू द्यायचं न्हाय. मग मी आपलं म्हणायची ते म्हणायची." ती माझ्याकडं वळली. "तुमीच सांगा बाई, आजारी माणसाच्या तोंडावर जाते कसं म्हणायचं? आपल्यात येते म्हणत्यात. तेच तिच्या भाषेत म्हणायची. येते."

"कधी म्हणायचीस?" हे मी विचारलं.

"ड्युटी सुटली की. दिवेलागणीलाच सुटायची. दारात, चप्पल घालताना."

सर अगदी हळू, वर्गात फळ्यावर एकेक अक्षर काढावं तसं म्हणाले, "म्हणजे ती हाक मारायची. आणि दारातून ओ यायची. येतेय म्हणून. अरबीत तो शब्द बाईचा आणि पुरुषाचा एकच."

"तिला नीट ऐकू कुठं यायचं..." रुद्राणी म्हणाली आणि तिथंच थांबली. त्याच शब्दापाशी थांबतात तशी. तिचा हात गळ्यातल्या डबीकडं गेला. "हसायची ती. रोज, मी म्हटलं की हसायची. मला वाटायचं माझ्यावर खूश हाय. शेवटाला म्हणाली, ते हो म्हणालेत. निघालेत. लांबनं येतायत, वेळ लागंल. मी मेले तर तू हाक चालू ठिव, न्हायतर दारात येऊन उभं ऱ्हातील आन् वळखणार कोण? मी बरं म्हटलं. मरणाऱ्या माणसाला काय म्हणायचं हुतं?"

उंबरा ओला होता. मी पाहिला, सरांनी पाहिला. एकाही पोरीची वहाण भिजलेली नव्हती. मी त्यांना मिठाचं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

"झालं," मी म्हटलं. अशा वेळी मला रागच येतो, दुसरं काही येत नाही. "उद्यापासून पुस्तकी. सर शिकवतील. हा खेळ बंद."

"बाई, बंद केलं तर ते जातील कुठं?" रुद्राणी ओरडली नाही. वॉर्डातल्या पेशंटबद्दल बोलावं तशी बोलली. "तिकडनं निघालेत. हितं पोचलेत. पोरींच्या हाकेनं आलेत, पोरींच्या तोंडनं ओ देतायत. आता हाक बंद केली तर ते ह्या दारातच ऱ्हातील की. म्हातारी तेच नको म्हणत हुती."

"मग सांग त्यांना जा म्हणून!"

"कशानं सांगू? जा म्हणायचा शबुदच माझ्याजवळ न्हाय. तिनं दिलाच न्हाय."

हे खरं होतं. तिची सगळी अरबी बीबीच्या तोंडून आलेली, आणि बीबीनं त्या घरात जाण्याची भाषाच मरू दिली होती. बाजारात, रस्त्यावर रुद्राणीनं काही ऐकलं असेल, पण ते तिच्यात रुजलं नव्हतं. तिच्याकडं फक्त बोलावणं होतं.

सर म्हणाले, "माझ्याकडं आहे. पण पुस्तकातलं."

"पुस्तकातलं त्येंना कळंल?"

"दर्यावर्दी माणसं. शाळेत गेली नसतील. पण जन्मभर नमाजात तीच अरबी ऐकली असेल. कळेल. आणि ती कुणाच्या घरची नाही, अक्का. तिच्यात बीबीचा आवाज यायचा नाही. ते ऐकून कुणी थांबायचं नाही."

त्यांनी तिला वाक्यं सांगितली. सुखरूप जा. या घरचं माणूस पुढं गेलं आहे. ते तिकडं तुमची वाट पाहतं आहे. इथं कुणी नाही. रुद्राणीची जीभ अडखळत होती. पहिल्यांदाच मी तिला अरबी बोलताना अडखळताना पाहिलं, आणि पहिल्यांदाच ती शिरोळच्या बाईच्या आवाजात बोलली. जाडसर, थोडा कानडी हेल. सर चुका सुधारत होते, न रागावता. मग ती उंबऱ्यावर जाऊन जिन्याकडं तोंड करून उभी राहिली. डबी मुठीत धरलेली. तिनं ती वाक्यं म्हटली. पुन्हा म्हटली. जिन्यात दिवा होता, खाली गोदामाचं कुलूप दिसत होतं, आणखी काही नाही. मी पुन्हा सांगते, आणखी काही दिसलं नाही.

मग गुळाचा वास आला. दाट, गरम, नेहमीचा. तो आल्यावर मला कळलं की संध्याकाळपासून तो नव्हताच.

रुद्राणी खाली बसली आणि रडली. मुजावर सरांनी बाटलीतलं पाणी पुढं केलं. तिनं ते घेतलं, सरांनी त्याला अरबीत काय म्हणतात ते सहज विचारलं, बहुधा तिला हसवायला. तिला आठवेना. नंतरही आठवलं नाही. एवढ्या वर्षांची अरबी, तिच्यातली एक हाकसुद्धा नाही. मी म्हटलं, धक्का आहे, येईल परत. ती म्हणाली, "न्हाय बाई. ज्याचं त्यो घिऊन गेला."

धैर्यशीलला आम्ही एवढंच सांगितलं की सरांनी पुस्तकीचा पाया आधी, दवाखान्यातली बोली नंतर, असं ठरवलं आहे. तो खूश झाला. वर्ग सकाळी गेला. रुद्राणी पोरींना दवाखान्याचं काम शिकवते, सलाईन, बेडपॅन, कूस कशी बदलायची ते. आणि सरांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून मुळाक्षरं गिरवते. पन्नाशी उलटलेली बाई उजवीकडून डावीकडं अलिफ, बा काढते आणि बाचं टिंब वर देते. पोरी म्हणतात, अक्का, टिंब खाली. ती म्हणते, दमा गं, तुमच्या आईच्या वयाची हाय मी. उंबरा कोरडा असतो. मी रोज बघते.

परवा प्रेरणा आली. तिला ओमानात नोकरी लागली, रुद्राणीच्या अरबीवर नव्हे, सर्टिफिकेटवर. संध्याकाळची गाडी होती, जाता जाता पाया पडायला आली. रुद्राणी खिडक्या लावत होती. पोरगी आमच्या दोघींच्या पाया पडली, बडबडली, रडली, आणि दारात वहाण चढवताना, सवयीनं, त्या अरबीत म्हणाली, येते. ओठ आत वळलेले. मध्ये दम घेतलेला.

रुद्राणीनं मागं वळूनही पाहिलं नाही. तिला तो शब्द कळलाच नाही. मला कळला.

"प्रेरणा," मी म्हटलं, "जाते म्हण."

"अगंबाई! असं कुणी म्हणतंय का? परमुलखात निघालेय मी."

"म्हण म्हणते ना. मराठीत म्हण."

ती फुरंगटली. "जाते," म्हणाली, आणि ताडताड जिना उतरू लागली. मध्यावर एकदम भिंतीला चिकटून उभी राहिली, वर येणाऱ्याला वाट देतात तशी.

"कोण आहे गं?" मी वरून विचारलं.

"कोण न्हाय की, बाई. मला आपलं वाटलं..." उतरून गेली.

रुद्राणी शेवटची खिडकी लावून आली. माडीवर कसलाच वास नव्हता, गुळाचासुद्धा.

"बाई," ती म्हणाली, "दार लावू का उघडं ठिवू?"

मी वाकून उंबऱ्याला बोट लावलं.